अलीकड, पलीकड आणि सुभानाची नाव

ही गोष्ट फार जुनी आहे बरं का. इतकी जुनी, की ती जिच्या काठी घडली त्या नदीनं त्यानंतर दोनदा पात्र बदललं म्हणतात. राजाचं नाव मला विचारू नका. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

त्या राजाच्या मुलखात, अगदी एका टोकाला, दुथडी नावाचं गाव होतं. मधून नदी वाहायची आणि दोन्ही काठांवर घरं होती, म्हणून दुथडी. उगवतीच्या काठावर देऊळ आणि वैद्यबुवांचं घर. मावळतीच्या काठावर बाजाराचा पार आणि कोष्ट्यांचे माग. ज्याला औषध हवं तो मावळतीहून उगवतीला यायचा, ज्याला लुगडं हवं तो उगवतीहून मावळतीला जायचा. नदीवर पूल नव्हता. एक नाव होती आणि ती चालवायला सुभाना होता.

सुभाना उगवतीच्या काठावर राहायचा. मिशा मोठ्या, आवाज लहान, असा माणूस. त्याची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याची आक्का बारा वर्षांची. आक्कानंच त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, वेळेला धपाटेही घातले. पुढे आक्काचं लग्न झालं, ती मावळतीला नांदायला गेली, तेव्हा हा गडी नदीच्या वाळूत लोळून रडला होता. सुभाना नावाडी झाला तो बहिणीकडे रोज जाता यावं म्हणून, असं लोक त्याला चिडवायचे. तो मिशीतल्या मिशीत हसायचा, कारण ते खरंच होतं.

रोज दुपारी नाव मावळतीला बांधून तो आक्काकडे जेवायला जायचा. आक्का वाढता वाढता बोलायची.

"मेल्या, अर्धी भाकरी टाकलीस ती? नदीत मासे कच्चेच खातोस की काय?"

"भूक नाही गं आक्का."

"भूक नसायला झालंय काय तुला? गीळ मुकाट्यानं."

आणि तो मुकाट्यानं गिळायचा. चाळिशी उलटली होती त्याची, पण आक्कापुढे तो अजून चार वर्षांचाच होता.

आता त्या गावात एक शब्द फार वापरात होता. पलीकडे. उगवतीचा माणूस म्हणायचा, "पलीकडे जाऊन येतो," म्हणजे मावळतीला. मावळतीचा माणूस म्हणायचा, "पलीकडे जाऊन येतो," म्हणजे उगवतीला. नाव काठाला लागली की मघाचं पलीकडे ते अलीकडे व्हायचं. यात कुणालाही काही नवल वाटत नव्हतं. तुम्हाला तरी कुठे वाटतं? आपणही तसंच बोलतो.

एका वर्षी राजाच्या मनात आलं, आपल्या राज्यात गावं आहेत तरी किती, ते लिहून काढावं. त्यानं चहूकडे कारकून पाठवले. दुथडीच्या वाट्याला जो कारकून आला, त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, पण पाणी पाहिलं की त्याचे पाय लटपटायचे. उगवतीच्या देवळाच्या ओसरीवर त्यानं बैठक मारली आणि दौत उघडली.

"ही वस्ती कुठली?" त्यानं विचारलं.

"ही अलीकडची," जमलेले लोक म्हणाले.

"आणि ती समोरची?"

"ती पलीकडची."

कारकुनानं लिहिलं, गाव पहिलं, अलीकड. गाव दुसरं, पलीकड.

सुभाना तिथेच उभा होता. तो म्हणाला, "रावसाहेब, एकदा नावेत बसा आणि समोर जाऊनही विचारा. तिथं वेगळं ऐकायला मिळेल."

कारकुनानं नदीकडे पाहिलं. नदी चांगली भरून वाहत होती. "एकदा लिहिलं ते लिहिलं," असं म्हणून त्यानं ओल्या शाईवर वाळू टाकली, वही मिटली आणि घोड्यावर बसून तो निघून गेला. एवढीशी भीती होती हो त्याची, पण ती दोन काठांना केवढी महागात पडली बघा.

सुरुवातीला सगळे खो खो हसले. मावळतीचे कोष्टी आपल्याच घराला पलीकड म्हणायचे आणि आपणच हसायचे. "चला, आता आम्ही घरी असलो तरी पलीकडे, आणि तुम्ही कुठेही गेलात तरी अलीकडे!" अशी थट्टा चालायची. राजाच्या दरबारातून पत्रं यायची, त्यांवर तीच नावं असायची. हळूहळू दुथडी हा शब्द लोकांच्या तोंडून गेला. लोक स्वतःला अलीकडकर आणि पलीकडकर म्हणवून घेऊ लागले.

दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. उगवतीला कुणाची तरी शेळी हरवली. पूर्वी लोक म्हणाले असते, शेळी हरवली. आता म्हणाले, पलीकडच्यांनी नेली. चार दिवसांनी ती शेळी मालकाच्याच परसात, कडब्याच्या गंजीमागे मजेत चरताना सापडली. पण बोललेलं कुणी परत घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षी दोन्ही काठांना आपापल्या नावाचा अभिमान चढला. उगवतीचे म्हणू लागले, "आपण अलीकडचे. जवळचे. खरं गाव आपलंच." कशाच्या जवळचे, ते कुणी विचारलं नाही. मावळतीच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "साधुसंत आयुष्यभर ज्या पैलतीराची वाट बघतात, तिथं आम्ही जन्मालाच आलोय. तुम्ही बसा अजून अलीकडेच!" यावर उगवतीचे म्हणाले, "पैलतीराला तर मेलेली माणसं जातात. म्हणून तिथलं पाणी पिऊ नये."

आणि ऐका, खरोखरच त्यांनी तिथलं पाणी प्यायचं सोडलं! नदी एक, प्रवाह एक, पण मावळतीच्या काठाजवळची घागर उगवतीच्या माणसाला चालेना. वैद्यबुवा विद्वान माणूस. त्यांनी या समजुतीला शास्त्राचं नाव दिलं. "पलीकडचं पाणी जड असतं," ते सांगू लागले, "आणि जड पाण्यावर वाढलेल्या माणसाची प्रकृतीही वेगळी असते." वैद्यबुवा म्हणाले म्हटल्यावर शंका कोण काढणार?

सुभाना दिवसभर नावेत बसून हे सगळं ऐकायचा. नावाड्याचे हात वल्ह्याला गुंतलेले असतात, कान मोकळेच. कानांवरून जे रोज जातं ते थोडं थोडं आत मुरतंच. त्याच्याही नकळत तो बोलताना पलीकडचे असं म्हणू लागला, आणि म्हणताना त्याचा ओठ जरासा वाकडा होऊ लागला.

एका दुपारी तो आक्काकडे जेवायला बसला होता. आक्का चेष्टेनं म्हणाली, "या हो अलीकडकर. गोड मानून घ्या आमचं पैलतीरचं जेवण."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याला ते लागलं. तो म्हणाला, "तुम्हा पलीकडच्यांना टोमणे मारल्याशिवाय घास वाढता येत नाही का?"

आक्काचा हात परातीतच थांबला. जन्मात पहिल्यांदा सुभाना तिला 'तुम्ही' म्हणाला होता, आणि त्या 'तुम्ही'त आदर मुळीच नव्हता. तिनं परात बाजूला सारली. तोही अर्धं ताट टाकून उठला. दुसऱ्या दिवसापासून तो नावेतच बसून घरून आणलेली भाकरी खाऊ लागला. आक्काच्या घराकडे पाठ करून बसायचा.

असे दोन महिने गेले.

मग एक दिवस मावळतीचा एक कोष्टी नावेत बसता बसता म्हणाला, "सुभानादादा, आक्का तापानं फणफणल्यात. तुमची आठवण काढत होत्या."

सुभानानं आक्काच्या घराकडे एकदा वळून पाहिलं. पण तोंडातून काय निघालं? "पलीकडच्यांना राईचा पर्वत करायची सवयच आहे. उतरेल ताप."

दुसऱ्या दिवशी तोच कोष्टी पुन्हा म्हणाला, "दादा, एकदा बघून तरी या." सुभानानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी कोष्टी आला, पण बोलला काहीच नाही. मान खाली घालून बसला.

त्या दिवशी मावळतीला परतताना कोष्ट्याबरोबर नावेत उगवतीची एक म्हातारी होती. बहिरट, पण चौकस. सुभानाचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "का रे, कसला घोर लागलाय?"

"काही नाही आजी. पलीकडची एक बाई आजारी आहे. त्यांचं असंच असतं. जरा अंग तापलं की गाव गोळा करतात."

"कोण रे पलीकडची?" म्हातारीनं कानावर हात ठेवून विचारलं.

"माझी आक्का," सुभाना म्हणाला.

आणि ते बोलल्याबरोबर त्याचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. पलीकडची कोण? माझी आक्का. आपल्याच तोंडचे ते शब्द त्यानं एकामागून एक ऐकले आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. दोन दिवस! जिनं त्याला घास भरवला होता, तिच्यासाठी दोन दिवस तो जागचा हलला नव्हता, आणि नाव तर त्याच्या हातात होती.

नाव मावळतीला लागताच दोर कोष्ट्याच्या हातात देऊन तो धावत सुटला. आक्का घोंगडीवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. त्यानं हाक मारली तर तिनं ओळखलंही नाही. सुभाना तसाच परत फिरला, नाव हाकत उगवतीला आला आणि वैद्यबुवांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वैद्यबुवा, चला. आक्का जाते माझी."

वैद्यबुवा माणूस वाईट नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "सुभाना, येऊन उपयोग काय? जड पाण्याची प्रकृती ती. माझं औषध पलीकडच्यांना लागू पडायचं नाही."

"अहो, दहा वर्षांपूर्वी तुम्हीच तिचा खोकला बरा केला होता!"

वैद्यबुवा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "तेव्हा ती पलीकडची नव्हती."

सुभाना दारातूनच फिरला. परत मावळतीला गेला, आक्काला घोंगडीसकट उचललं, नावेत निजवलं आणि उगवतीच्या घाटाला आणलं. घाटावर ही गर्दी जमली. "पलीकडचं दुखणं इथं उतरवू नकोस," लोक ओरडले. वैद्यबुवाही आले होते, औषधाचा बटवा काखेला. कुणी हाक मारली की बटवा घेऊनच निघायची त्यांची जुनी सवय होती. ते शेवटच्या पायरीवर येऊन थबकले.

सुभानानं हात जोडले. "बरं, नाही उतरवत तिला. पण वैद्यबुवा, ही नाव तर अलीकडचीही नाही आणि पलीकडचीही नाही ना? मग नावेत या आणि नुसती नाडी बघा. एवढंच मागतो."

वैद्यबुवांनी आक्काकडे पाहिलं. चांगल्या वैद्याला आजारी माणूस समोर दिसला की हात आखडता घेववत नाही. ते नावेत उतरले, बसले आणि त्यांनी आक्काच्या मनगटावर बोटं ठेवली. डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "उशीर केलास रे," ते पुटपुटले.

तेवढ्यात सुभानानं दोर सोडला.

"अरे! अरे, हे काय? कुठं नेतोस मला?" वैद्यबुवा ओरडले. त्यांना पोहता येत नव्हतं, त्यामुळे जागचं उठायची सोय नव्हती. घाटावर एकच गलका झाला.

"मला शिव्या द्या, मारा, काय वाटेल ते करा," सुभाना म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "पण आधी तिला वाचवा."

वैद्यबुवांनी मागे पडणाऱ्या घाटाकडे पाहिलं, मग आक्काकडे. थोड्या वेळानं त्यांनी बटवा सोडला.

मावळतीचे लोकही काही हार घेऊन उभे नव्हते. "अलीकडचा वैद्य आमच्या माणसाला काय बरं करणार?" असं म्हणत ते दारात घोळका करून उभे राहिले. वैद्यबुवांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. त्यांना काढा करायला पाणी हवं होतं, आणि पाणी होतं ते तिथलंच. त्यांनी घागरीकडे जरा वेळ पाहिलं, मग मुकाट्यानं चूल पेटवली.

तीन दिवस ते आक्काच्या उशाशी बसून होते. पहिल्या दिवशी त्यांनी घोटभर पाणीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तहान अगदीच अनावर झाली, तेव्हा प्यायले. प्यायले आणि थोडं थांबून पुन्हा प्यायले. "पाणी तर तेच आहे," ते स्वतःशीच म्हणाले. दारातल्या घोळक्यातली एक कोष्टीण ते ऐकून हसली आणि घरी जाऊन त्यांच्यासाठी भाकरी-पिठलं घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी आक्काचा ताप उतरला. तिनं डोळे उघडले, तर पायाशी सुभाना.

"आक्का," तो म्हणाला, "कोष्टीदादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी आलो नाही. पलीकडची म्हणून सोडून दिलं मी तुला."

आक्कानं त्याला जवळ बसायची खूण केली. मग क्षीण आवाजात म्हणाली, "मीही दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कोष्टीदादांना म्हटलं, आता त्याला निरोप देऊ नका. अलीकडचा आहे तो, यायचा नाही." तिनं हात पुढे करून त्याचे केस विस्कटले. "तुला मीच वाढवलं रे सुभान्या, आणि तू येणार नाहीस हे मला खरं वाटलं. म्हणजे दोघंही सारखेच मूर्ख. जेवलास का?"

सुभानाला हुंदका आवरेना. त्याला पाहून दारातल्या बायकाही डोळ्यांना पदर लावू लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी वैद्यबुवा घरी जायला निघाले. त्यांना निरोप द्यायला सगळा काठ लोटला होता. ते नावेत बसले. सुभानानं वल्हं हातात घेतलं आणि विचारलं, "कुठं जायचं?"

"कुठं म्हणजे? अलीकडला सोड मला."

"मग उतरा की," सुभाना शांतपणे म्हणाला. "ज्या काठावर उभे आहोत तो काठ अलीकडे. तुम्ही अलीकडेच आहात."

"चेष्टा करू नकोस. माझ्या गावाचं नाव अलीकड आहे. राजाच्या वहीत लिहिलंय."

"मग वहीत बसून जा. माझी नाव इथून फक्त पलीकडे जाते."

मावळतीचे लोक पोट धरून हसू लागले. सुभाना त्यांच्याकडे वळला. "हसता काय? समोरच्या काठावरून घरी परतताना तुम्हालाही हेच विचारणार आहे मी. तिथून पलीकडे म्हणाल ते चालेल, पण इथं उभं राहून कुणी आपल्या घराला पलीकड म्हटलं, तर त्याला मी नावेत घेणार नाही." हसणं थांबलं.

वैद्यबुवा रागानं लाल झाले. उन्हात तसेच बसून राहिले. समोरच्या घाटावर त्यांची बायको, मुलं, शेजारीपाजारी डोळ्यांवर हात धरून त्यांची वाट बघत उभे होते. त्यांचं घर दिसत होतं, घरावरची कौलं दिसत होती. तिथं उभं राहून या काठाकडे त्यांनी हजार वेळा बोट दाखवलं होतं. इथं बसून त्या काठाकडे पाहायची वेळ त्यांच्यावर गेल्या तीन वर्षांत आली नव्हती. केवढंसं दिसत होतं ते घर, आणि केवढं लांब!

"सुभाना," शेवटी ते म्हणाले, "माझं घर पलीकडे आहे. मला पलीकडे ने."

"नेतो की," सुभाना म्हणाला.

अर्ध्या वाटेवर वैद्यबुवा एकदाच बोलले. "म्हणजे इतके दिवस यांच्या लेखी पलीकडचा मीच होतो की रे." सुभानानं नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून सुभानाच्या नावेचा हाच कायदा झाला. काही जण रुसले आणि आठ कोस वळसा घालून, पाणी उथळ असलेल्या उतारावरून नदी ओलांडू लागले. पण आठ कोस चालून पाय दुखतात हो, आणि रुसवा काही पायांना बळ देत नाही. सहा महिन्यांत तेही नावेत येऊन बसले. घरी जाताना जो तो आपल्याच घराला पलीकडे म्हणायला लागला, आणि एकदा आपलं घर पलीकडे आहे असं म्हटल्यावर पलीकडच्यांना नावं ठेवायला जीभ रेटेना. वैद्यबुवा आठवड्यातून दोन दिवस मावळतीला बसू लागले. जड पाण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि कुणी काढलीच तर म्हणायचे, "चुकलो होतो मी."

राजाच्या वहीत मात्र ती दोन नावं तशीच राहिली. दरबाराचा माणूस कधी आला आणि पलीकड कुठं म्हणून विचारू लागला, की दुथडीचे लोक त्याला हाताला धरून नावेत बसवायचे, समोर न्यायचे, आणि म्हणायचे, "आता विचारा."

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ऐका: कुणाला पलीकडचा म्हणण्याआधी एकदा त्याच्या काठावर उभं राहून आपलं घर बघून यावं.